ब्रेक लागलाय, तरी मशीन थांबत नाही: जलविद्युत जनित्राचा ब्रेक, सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीपर्यंत

स्टॉप कमांड दिली, गाइड व्हेन (टर्बाइनकडे पाणी सोडणारी पाती) बंद झाल्या, ब्रेकर (जनित्र ग्रिडला जोडणारा स्विच) सुटला, पॅनेलवर ‘ब्रेक ऑन’चा दिवाही लागला. तरी शाफ्ट रेंगाळत फिरतोच आहे. शिफ्टमधला कोणीतरी म्हणतो, “पॅड गेली असतील, बदलून टाकू.” ब्रेकची घासणारी पॅड बदलतात. थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. उभ्या शाफ्टच्या मशीनवर हा दोष मी इतक्यांदा काढलाय की आता पॅड हा शब्द कोणी पहिल्याच वाक्यात काढला की मी आधी लॉगशीट मागतो. बऱ्याच वेळा ब्रेक निर्दोष असतो. दोष पाण्यात, हवेत किंवा तेलात असतो आणि शिव्या पॅडला बसतात.

लक्षणं

मशीन थांबायला लागणारा वेळ हळूहळू वाढत जाणं हे सगळ्यात नेहमीचं लक्षण. रोजच्या पाहण्यात ते लक्षात येत नाही, कारण वाढ एकेका मिनिटाने होते.

दुसरं म्हणजे क्रीपिंग. मशीन थांबतं, ब्रेक काढला की काही वेळाने शाफ्ट आपोआप हलू लागतो. काही ठिकाणी पूर्ण थांबतच नाही, एका ठरावीक मंद गतीवर अडून राहतं.

तिसरं याच्या उलट: ब्रेक लागतो, पण सुटत नाही. किंवा सुटतो, पण ‘ब्रेक ऑफ’ येत नाही आणि पुढच्या स्टार्टला सीक्वेन्स तिथेच अडतो. लोड डिस्पॅचचा (ग्रिड सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्राचा) फोन वाजत असतो आणि इथे एक लिमिट स्विच हट्टाला पेटलेला.

याशिवाय काही खुणा डोळ्यांना, नाकाला आणि कानाला कळतात. बॅरलमध्ये (जनित्राभोवतीच्या बंद कोठडीत) काळी भुकटी वाढलेली दिसते. जळका वास येतो. ब्रेक लागताना प्रत्येक फेरीला एकदा ‘खट्’ असा आवाज येतो. हा आवाज ऐकलात तर मधलं सगळं सोडून थेट ‘इथे हात थांबवा’ या भागाकडे जा.

आत्ता, या क्षणी मशीन रेंगाळत असेल तर

दोष नंतर शोधा, आधी थ्रस्ट बेअरिंग वाचवा. फिरणाऱ्या भागाचं सगळं वजन या बेअरिंगवर असतं आणि त्याच्या पॅडवर (ही ब्रेकची पॅड नव्हेत) व्हाइट मेटलचा मऊ थर असतो. गती चांगली असली की तेलाची पातळ फिल्म आपोआप तयार होते आणि धातूला धातू लागत नाही. गती फार खाली आली की ती फिल्म तुटते. ब्रेक बसवण्याचं खरं कारण हेच आहे: मशीनने त्या धोक्याच्या मंद गतीत कमीत कमी वेळ काढावा. म्हणून तासभर रेंगाळणारं मशीन हे पूर्ण गतीने धावणाऱ्या मशीनपेक्षा बेअरिंगला जास्त घातक.

तेव्हा हाय प्रेशर ऑइल इंजेक्शन पंप असेल तर तो लगेच चालू करा आणि चालू ठेवा. तो बाहेरून दाबाने तेल घालून फिल्म टिकवतो. मग एमआयव्ही (टर्बाइनच्या तोंडाशी असलेला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह) बंद करा. एमआयव्ही नसेल तर इनटेक गेट. हवेचं प्रेशर वाढवून ब्रेक जास्त दाबण्याचा मोह टाळा. रेग्युलेटर पिळून आठ-नऊ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो) नेणारे लोक मी पाहिलेत. हवेच्या लाइनचे सील आणि जोड त्या दाबासाठी नसतात.

हा ब्रेक असतो कसा

रोटरच्या (जनित्राच्या फिरत्या भागाच्या) खालच्या बाजूला, रिमला, सेगमेंट जोडून केलेली एक गोल पोलादी कडी असते. तिला ब्रेक ट्रॅक म्हणतात. खाली लोअर ब्रॅकेटवर किंवा फाउंडेशनवर गोलाकार सिलिंडर मांडलेले असतात, मशीनच्या आकाराप्रमाणे कमीजास्त. सिलिंडरमध्ये हवा सोडली की पिस्टन वर येतो आणि त्याच्या डोक्यावरचं पॅड ट्रॅकला खालून घासतं. हवा काढली की स्प्रिंग पिस्टनला खाली ओढते. काही मशीनवर खाली ओढायलाही हवाच असते.

याच सिलिंडरचं दुसरं काम रोटर उचलण्याचं. हवेऐवजी जॅकिंग पंपाने तेल सोडायचं आणि रोटर काही मिलिमीटर वर घ्यायचा. हिशोब करून पाहा. १५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंटिमीटर होतं. सहा किलो प्रेशरच्या हवेवर एक सिलिंडर जेमतेम १,०६० किलोचा रेटा देतो. असे बारा सिलिंडर असतील तर तेरा टनांच्या आत. त्याच बारांनी २०० टनांचा रोटर, शाफ्ट आणि रनर (टर्बाइनचं फिरतं चाक) उचलायचा तर तेल ९५ किलोच्या आसपास लागतं. एकाच सिलिंडरात एकदा हवा आणि एकदा तेल, ही सोय आहे आणि नेमकं इथेच अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे. त्याकडे पुढे येतो.

ब्रेक पूर्ण गतीवर कधीच लावत नाहीत. सहसा गती ३० ते २० टक्क्यांवर आली की लावतात. कारण फिरण्यातली ऊर्जा गतीच्या वर्गाने बदलते. १०० एमव्हीएचं जनित्र घ्या, जडत्व स्थिरांक (साठलेली ऊर्जा भागिले क्षमता) ३ सेकंद धरा. पूर्ण गतीला त्याच्यात ३०० मेगाज्यूल असतात. ३० टक्क्यांवर उरतात २७ आणि २० टक्क्यांवर फक्त १२. सत्तावीस मेगाज्यूल म्हणजे साडेसात युनिट वीज, पण ती सगळी पॅड आणि ट्रॅकच्या घर्षणात उष्णता होऊन काही मिनिटांत निघते. हाच ब्रेक ५० टक्क्यांवर लागला तर ७५ मेगाज्यूल त्याच कडीत ओतले जातात.

तपासणी १: लॉगशीट आणि घड्याळ

खर्च शून्य, परमिटही (कामाची लेखी परवानगी) लागत नाही. पण अट एक: वेळ एकत्र न मोजता तुकड्यांत मोजा. १०० ते ५० टक्के, ५० टक्क्यांपासून ब्रेक लागेपर्यंत, आणि ब्रेक लागल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत.

पहिल्या तुकड्यात मशीनला रोटरच्या पंख्यांचा वारा अडवतो आणि गती जास्त असताना हा विरोध भरपूर असतो. त्यामुळे गळतीचं थोडंफार पाणी रनरला ढकलत असलं तरी तिथे फरक फारसा दिसत नाही. दुसऱ्या तुकड्यात वाऱ्याचा विरोध झपाट्याने कमी होतो आणि ब्रेक अजून लागलेला नसतो. मशीनला कोण ढकलतंय ते इथे उघडं पडतं. तिसरा तुकडा ब्रेकचा.

समजा ब्रेक नेहमीच्याच टक्क्याला लागतोय, मधला तुकडा पूर्वी तीन मिनिटांचा होता आणि आता साडेचार झालाय. मग पॅडला हात लावू नका, पाणी येतंय. मधला तुकडा तसाच आहे आणि फक्त शेवटचा लांबलाय, तर दोष ब्रेकच्या बाजूचा. एवढ्या एका मोजणीने अर्धं काम होतं, आणि तरी बहुतेक लॉगशीटमध्ये ‘स्टॉप कमांड’ आणि ‘मशीन स्टँडस्टिल’ या दोनच वेळा असतात. स्काडाचा (संगणकावरच्या नियंत्रण आणि नोंद यंत्रणेचा) ट्रेंड निघत असेल तर जुने स्टॉपही तसेच तुकडे करून काढा. पॅड नवी असतानाचा एक ट्रेंड जपून ठेवला असेल तर सोन्याहून पिवळं.

तपासणी २: ब्रेक लागलेला असतानाचं प्रेशर

गेज बघितला का विचारलं की उत्तर ठरलेलं: “बघितला साहेब, सहा किलो आहे.” ते सहा किलो ब्रेक लागण्याआधीचं असतं. सगळे सिलिंडर एकदम भरतात तेव्हा प्रेशर किती पडतं आणि किती सेकंदात परत वर येतं, ते बघायचंय. पॅनेलसमोर उभं राहून एक पूर्ण स्टॉप पाहा.

प्रेशर चारवर पडून तिथेच राहत असेल तर प्रत्येक सिलिंडरचा रेटा १,०६० वरून ७०० किलोवर आला. त्यातूनही स्प्रिंगचा विरोध वजा जातो, तो मात्र तसाच राहतो. म्हणजे पॅडवर उरणारा दाब हिशोबापेक्षाही जास्त घटतो. कारणं साधी असतात: अर्धवट उघडा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह, भरलेला फिल्टर, कुणीतरी कमी करून ठेवलेला रेग्युलेटर, नाहीतर एखाद्या जोडातली गळती. गळती साबणाच्या पाण्याने शोधा. बॅरलबाहेरचे सगळे जोड परमिटशिवाय बघता येतात.

तपासणी ३: हवेतलं पाणी

सह्याद्रीतल्या कुठल्याही पॉवरहाउसला हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पावसाळ्यात कॉम्प्रेसर जी हवा ओढतो ती ओलीचिंब असते. ते पाणी रिसीव्हरच्या तळाशी साठतं. ड्रेन कॉक रोज उघडला नाही तर पाणी ब्रेकच्या लाइनमध्ये जातं, सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेच्या इशाऱ्याने हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्पूल गंजवतं, सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरवतं आणि पिस्टन अडकायला लागतो. ऑटो ड्रेन लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका. ऑटो ड्रेनही गंजाने बसतात. कॉक हाताने उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक, तांबूस गाळ आला तर आतल्या लाइनचीही तीच अवस्था समजा.

तपासणी ४: ब्रेक कितव्या टक्क्याला लागतोय

स्पीड स्विचचं सेटिंग सरकलं की ब्रेक भलत्याच वेळी लागतो. उशिरा, म्हणजे १० टक्क्यांवर लागला, तर मशीन मंद गतीत जास्त वेळ काढतं आणि लोकांना वाटतं ब्रेक कमजोर झालाय. लवकर लागला तर उलट: वेळ झकास कमी होतो, सगळे खूश, आणि पॅड महिनोन्‌महिने जास्त तापत राहतात. थांबायचा वेळ अचानक सुधारला तर मला बिघडल्याइतकीच काळजी वाटते.

टॅकोमीटर आणि ‘ब्रेक ऑन’ची वेळ समोरासमोर ठेवून पाहा. जिथे दातेरी चाक आणि सेन्सर आहे तिथे सेन्सरचा गॅप आणि त्यावर साचलेली तेलकट धूळ बघा. मंद गतीला सिग्नल आधीच क्षीण असतो, त्यात ही भर. सेटिंग बदलायचं ते मात्र टेस्टिंगवाल्यांनी, लेखी नोंदीसह. गाइड व्हेन उघड्या असताना किंवा ब्रेकर लागलेला असताना ब्रेक लागू नये, हे इंटरलॉक त्याच सर्किटमध्ये असतात.

तपासणी ५: हवा बाहेर कुठून जाते

हे ब्रेक न सुटण्याच्या तक्रारीसाठी. सोलेनॉइड सुटला, तरी सिलिंडरमधली हवा बाहेर पडायला वाट हवी. एक्झॉस्टला सायलेन्सर असतो, त्यात ब्रेकची भुकटी आणि तेल बसून त्याचा गोळा होतो. मग हवा हळूहळू निघते, पॅड ट्रॅकला चिकटून राहतात आणि ‘ब्रेक ऑफ’ दोन मिनिटं उशिरा येतं. सायलेन्सर काढून फुंकून पाहायला पाच मिनिटं लागतात. ब्रेक सुटतानाचा ‘फुस्स’ आवाज नेहमीसारखा दणदणीत आहे की दबका, हे सरावलेला ऑपरेटर लांबूनही सांगतो.

एक काम मात्र करू नका. सीक्वेन्स अडला म्हणून लिमिट स्विचला जंपर मारून मशीन सुरू करायचं, हे. ‘ब्रेक ऑफ’चे सगळे स्विच सिरीजमध्ये जोडलेले असतात ते याचसाठी: एक पॅड जरी वर राहिलं तरी मशीन सुटता कामा नये. बारातली अकरा खाली आणि एक वर, अशा अवस्थेत मशीन पूर्ण गतीला गेलं तर ते एक पॅड जळतं, भुकटी पेटते आणि आग लागते ती थेट वाइंडिंगच्या खाली. स्विच बिघडलाय हे डोळ्यांनी पाहून खात्री झाल्याशिवाय तो बिघडलाय असं म्हणायचं नाही.

तपासणी ६: पाणी खरंच बंद झालंय का

मधला तुकडा लांबलेला आढळला असेल तर ही तपासणी दुसऱ्या क्रमांकावर आणा.

परीक्षा सोपी आहे. एक स्टॉप नेहमीसारखा घ्या. दुसऱ्या स्टॉपला, ऑपरेशनच्या परवानगीने, गाइड व्हेन बंद होताच एमआयव्ही बंद करायला घ्या. दोन्हींच्या मधल्या तुकड्यांची तुलना करा. दुसऱ्या वेळी मशीन लक्षणीय लवकर खाली आलं तर गाइड व्हेन गळतायत, यात शंका उरत नाही. एमआयव्ही पूर्ण बंद असतानाही क्रीपिंग होत असेल तर एमआयव्हीचा सील किंवा त्याचा बायपास व्हॉल्व्ह बघा. बायपास अर्धवट उघडा राहिल्याची प्रकरणं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त.

गाइड व्हेन गळण्याचं स्वस्त कारण आधी शोधा: एखादी शिअर पिन (व्हेन अडकली तर मुद्दाम आधी तुटणारी पिन) तुटलीय का? तुटली असेल तर ती एक व्हेन सगळ्या व्हेन फिरवणाऱ्या रिंगबरोबर बंद होत नाही आणि तिच्यातून येणारं पाणी मशीन फिरवत ठेवायला पुरतं. अलार्मवर विसंबू नका, टर्बाइन पिटमध्ये उतरून सगळ्या लिंक एका रेषेत दिसतात का पाहा. त्यानंतर सर्वोमोटरचा (ती रिंग ढकलणाऱ्या तेलदाबाच्या सिलिंडरचा) स्क्वीझ, म्हणजे व्हेन एकमेकींना टेकल्यावरही त्यांना दाबून धरणारा जादा रेटा पुरेसा आहे का, हे. शेवटी, पाणी काढून, दोन व्हेनमधल्या फटी फीलर गेजने. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने व्हेनच्या कडा खाल्लेल्या असतात. ते काम वार्षिक ओव्हरहॉलचं, ब्रेकच्या सामानाने भागणारं नाही.

पेल्टन मशीनची, म्हणजे नोझलमधल्या पाण्याच्या झोताने बकेट फिरवणाऱ्या टर्बाइनची, गोष्ट वेगळी. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांची, पोफळीची मशीनं पेल्टन आहेत, तर चौथ्या टप्प्याची २५० मेगावॉटची फ्रान्सिस, म्हणजे गाइड व्हेनवाली. पेल्टनमध्ये गळती निडल आणि नोझलच्या सीटमधून होते. शिवाय अशा मशीनना ब्रेक जेट असतो, बकेटच्या पाठीवर पाणी मारून रनरची गती कमी करणारा. तो कमजोर असेल तर पॅडवर जास्त भार येतो. तो वेळेवर बंद झाला नाही तर रनर थांबून उलटा फिरू लागतो. पेल्टनवर काम करणाऱ्याने ब्रेकच्या आधी या जेटची वेळ तपासावी.

तपासणी ७: बॅरलमध्ये

इथपर्यंत सगळं बाहेरून झालं. आता आत जायचं, म्हणजे परमिट आलंच. एमआयव्ही बंद आणि कुलूपबंद, गाइड व्हेनचा लॉक लागलेला, एक्सायटेशन (रोटरला चुंबक करणारा वीजपुरवठा) आयसोलेट, जनित्र अर्थ केलेलं. आणि ज्याचा विसर पडतो ते: बॅरलची कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन यंत्रणा यांत्रिकरीत्या लॉक केलेली हवी. आत माणूस असताना तो वायू सुटला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही. पॅड हलवून पाहायला ब्रेक सोडणार असाल तर शाफ्ट हलणार नाही याची वेगळी व्यवस्था आधी करा.

जुन्या मशीनच्या पॅडच्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नोंद नसेल तर आहे असंच धरा. भुकटी कॉम्प्रेस्ड एअरने उडवायची नाही. व्हॅक्यूम, ओलं फडकं आणि योग्य मास्क.

आत गेल्यावर प्रत्येक पॅडची जाडी मोजा आणि सिलिंडरच्या क्रमांकाप्रमाणे लिहा. सरासरी काढून उपयोग नाही, आकड्यांमधला फरक बोलतो. सगळी सारखी झिजली असतील तर ते वयोमानाप्रमाणे. एकच खूप झिजलं असेल तर तो पिस्टन खाली येत नाही, ते पॅड सतत घासतंय. एक अजिबात झिजलं नसेल तर तो पिस्टन वरच जात नाही.

मग पांढरं सुती कापड घ्या आणि पॅडच्या पृष्ठभागावरून एकदाच फिरवा. कोरडी राखाडी भुकटी आली तर पॅड ठीक. कापडावर तपकिरी-काळा चिकट पट्टा उमटला आणि पॅडचा पृष्ठभाग बॅटरीच्या उजेडात काचेसारखा चमकला, तर गुन्हेगार सापडला: तेल.

हे तेल येतं कुठून? बेअरिंगची वाफ थोडी असते, पण पहिला संशय जॅकिंगवर घ्या. बेअरिंगच्या कामासाठी किंवा दीर्घ शटडाउननंतर रोटर उचलला, खाली घेतला, तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला, हवेचा उघडला, काम संपलं. पण सिलिंडरांना जोडणाऱ्या गोल पाइपमध्ये आणि प्रत्येक पिस्टनखाली तेल उरलेलंच असतं. पुढच्या प्रत्येक ब्रेकला हवा त्या तेलाचं धुकं करते, झिजलेल्या सीलमधून ते वर येतं आणि पॅड पिऊन टाकतं. जॅकिंग झाल्यावर काही आठवड्यांत थांबायचा वेळ वाढू लागला असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. लॉगबुकात जॅकिंगची तारीख बघा.

उपाय असा. हेडरच्या, म्हणजे त्या गोल पाइपच्या, सर्वात खालच्या बिंदूचा ड्रेन उघडायचा, कमी प्रेशरची हवा सोडून तेल बाहेर काढायचं, थोडा वेळ थांबून पुन्हा. ड्रेनमधून येणारी हवा कापडावर डाग पाडेनाशी होईपर्यंत. खालच्या बिंदूला ड्रेनच नसेल तर पुढच्या शटडाउनला तो बसवून घ्या, या लेखातलं एकच काम करायचं असेल तर ते हे. तेल प्यायलेलं पॅड पेट्रोल-थिनरने धुऊन लावू नका. वरचं निघतं, आतलं गरम झालं की परत वर येतं. फक्त चमक असेल, तेल नसेल आणि लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याची नोंद असेल तर पॉलिश पेपरने घासून चालतं. बदलताना पूर्ण संच बदला आणि एकाच प्रकारचा. वेगवेगळ्या लायनिंगचं घर्षण वेगळं असतं आणि भार काही मोजक्या सिलिंडरवर येतो.

लिमिट स्विचही याच फेरीत बघा: हाताने दाबून क्लिक येतो का, रोलर झिजलाय का, ब्रॅकेट सैल आहे का. भुकटी आणि तेल यांचा लेप स्विचच्या दांडीवर बसून ती अर्ध्यात अडते. साफ केल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक स्विच स्वतंत्र तपासा.

जॅकिंगनंतर सिलिंडरचे लॉक नट (उचललेला रोटर वर धरून ठेवणारे) पूर्ण खाली घेतलेत का, हेही डोळ्यांनी. पॅनेलवरच्या संकेतावर भरवसा नाही.

तपासणी ८: सिलिंडर उघडणं

स्प्रिंग थकली, सील फाटला, पिस्टनच्या भिंतीला गंजाचे व्रण पडले. संशयित सिलिंडर वेगळा करून त्याला हवा द्या आणि पिस्टन सरळ, न अडखळता वर-खाली होतो का पाहा. अडखळत असेल तर काढून बाहेर. सील किट मूळ मापाचं आणि तेलाला टिकणाऱ्या रबराचं हवं, कारण या सीलला हवा आणि उच्च दाबाचं तेल दोन्ही सोसायचं आहे. नुसत्या हवेच्या कामाचे बाजारू ओ-रिंग हवेवर छान चालतात आणि पुढच्या जॅकिंगला फाटतात. जोडल्यावर तेलाच्या दाबाची चाचणी निर्मात्याच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्या. यंत्रशाळेत अनुभवी फिटर असेल तरच हे काम घरचं. नसेल तर सिलिंडर बाहेर पाठवा.

इथे हात थांबवा

ब्रेक ट्रॅकवर निळे-जांभळे डाग दिसले म्हणजे पोलाद फार तापलं. आडव्या केसासारख्या चिरा दिसल्या म्हणजे ते वारंवार तापलं आणि थंड झालं. डाय पेनिट्रंट टेस्ट (रंगाने चिरा दाखवणारी) करून चिरांचे फोटो आणि लांबी नोंदवायला हरकत नाही, पण मशीन पुन्हा चालवायचं की नाही हा निर्णय तुमचा किंवा माझा नव्हे. तो निर्मात्याचा किंवा रोटरचं काम करणाऱ्या तज्ज्ञ संस्थेचा. ट्रॅक रिमला जोडलेला असतो. त्याचा एक सेगमेंट किंवा बोल्ट पूर्ण गतीला सुटला तर तो स्टेटरमध्ये (जनित्राच्या स्थिर भागात) शिरतो.

प्रत्येक फेरीला येणारा तो ‘खट्’ आवाज सेगमेंटच्या सांध्याचा असतो. एक कडा वर आलीय, म्हणजे बोल्ट सैल आहे किंवा सेगमेंट वाकलाय. स्वतः टॉर्क देऊन आवळून मोकळं होऊ नका. बोल्ट ताणला गेलाय की नाही हे तुम्हाला पान्यावरून कळणार नाही.

आणखी तीन प्रसंगी मशीन बंद ठेवून फोन करा. एक, ब्रेक चुकून जास्त गतीला लागला असेल, मग वरवर सगळं ठीक दिसत असलं तरी. दोन, लांब क्रीपिंगनंतर पुढच्या स्टार्टला थ्रस्ट बेअरिंगचं तापमान नेहमीपेक्षा वर जात असेल किंवा तेलाच्या फिल्टरमध्ये व्हाइट मेटलचे चमकदार कण आले असतील. तीन, स्टेटरची मेगर व्हॅल्यू, म्हणजे इन्सुलेशनचा रोध, मागच्या नोंदींपेक्षा बरीच खाली आली असेल. ब्रेकची भुकटी आणि तेल मिळून वाइंडिंगवर लेप चढवतात, व्हेंटिलेशनच्या वाटा बुजवतात, आणि वाइंडिंग साफ करणं हे वेगळं, प्रशिक्षित माणसांचं काम आहे. पॅडचा एक संच वाचवायला जाऊन स्टेटर घालवू नये.

दोष निघाला का, ते कसं ठरवायचं

दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच स्टॉपवरून निकाल देऊ नका. नवी पॅड ट्रॅकला पूर्ण टेकायला काही स्टॉप जातात, तोवर वेळ थोडा जास्तच येतो. तिन्ही तुकड्यांच्या वेळा पुढचे काही आठवडे लिहीत राहा. पीक अवर्सना चालणाऱ्या केंद्रांत दिवसातून अनेक स्टार्ट-स्टॉप होतात, तिथे आकडे लवकर जमतात. जिथे स्टॉप फार वाढलेत आणि पॅड पुरत नाहीत तिथे इलेक्ट्रिकल ब्रेकिंगचा प्रस्ताव द्यायला हरकत नाही. त्यात स्टेटरची टोकं शॉर्ट करून, वेगळ्या स्रोताने एक्सायटेशन देऊन, रोटरची गती चुंबकाने उतरवतात. मेकॅनिकल ब्रेकला मग फक्त शेवटचे पाच-दहा टक्के उरतात आणि भुकटीही तेवढी कमी. अर्थात तो भांडवली खर्च आहे आणि त्याने गळकी गाइड व्हेन दुरुस्त होत नाही. प्रस्तावासोबत मधल्या तुकड्याचे आकडे जोडायचे ते त्यासाठीच, कारण पहिला प्रश्न मुख्यालयातून तोच येतो.